संभाव्यतेच्या गणितात वेन आकृतीवर ∪, ∩ आणि ′ ही चिन्हे नेमकी कशी वापरायची?

मुंबईचंच काल्पनिक उदाहरण घ्या. वर्गात ५० विद्यार्थी. मध्य रेल्वेने येणारे म: २८, पश्चिमने येणारे प: ३०, आणि दादरला गाडी बदलून दोन्हींनी येणारे १२.

वेन आकृती म्हणजे एका चौकटीत एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळं, इथे म आणि प. ती नेहमी मधून भरा. आधी म ∩ प मध्ये, म्हणजे दोन्ही वर्तुळांच्या सामाईक भागात, १२ लिहा, मग फक्त म १६, फक्त प १८. उरलेले ४ वर्तुळांच्या बाहेर, पण चौकटीच्या आत. ही चौकट म्हणजे नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांचा संच, इथे सगळे ५० विद्यार्थी. ती काढायची राहिली की पूरक घटना, म्हणजे दिलेली घटना सोडून उरलेलं सगळं, हमखास चुकते.

आता 'म किंवा प' म्हणजे म ∪ प: २८ + ३० − १२ = ४६, संभाव्यता ४६/५०. इथला 'किंवा' दोन्हींनी येणाऱ्यांनाही धरतो. बोलताना आपण तसं धरत नाही, म्हणून गोंधळ होतो. 'नेमक्या एकाच मार्गाने' विचारलं असेल तर १६ + १८, म्हणजे ३४/५०.

सगळ्यात जास्त घोळ पूरकाच्या चिन्हाचा, म्हणजे ′ चा. (म ∪ प)′ म्हणजे दोन्हींपैकी कशानेही न येणारे, ४/५०. (म ∩ प)′ मध्ये मात्र मधले १२ सोडून सगळे, ३८/५०. कंस कुठे संपतो ते पाहा आणि तेवढाच भाग पेन्सिलीने रंगवा.