कोथरूडमध्ये बाळ सांभाळायचं काम सोडायचंय, त्या घरच्यांना किती दिवस आधी सांगू?

महिनाभर आधी सांगा. एजन्सीमार्फत लागला असाल तर करारातली मुदत आधी बघा. पगार हातात पडल्यावर, बाळ झोपलेलं असताना, बाळाच्या आईशी, म्हणजे ताईंशी, समोरासमोर बोला. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: ‘३१ तारखेपर्यंतच कामाला येईन.’ लेखी काही नसलं की तारखेवरून वाद होऊ शकतात. उचल घेतली असेल तर हिशेब तेव्हाच बोलून घ्या: पगार १५,०००, उचल ४,०००, म्हणजे शेवटी हातात ११,०००. दिवाळीचा बोनस घेऊन दुसऱ्या दिवशी सोडू नका, सोसायटीत बातमी लिफ्टच्या आधी पोचते! नवीन मावशी आल्या की तीन-चार दिवस दोघी बरोबर राहा. झोपेच्या वेळा, भरवायची पद्धत त्यांना दाखवा, नाहीतर बाळ कधीकधी अनोळखी हातून घासच घेत नाही. जाताना किल्ली परत द्या, गेटवरच्या ॲपमधलं नाव काढायला सांगा.