शेठजी नागपुरात, काटा गावात

प्रश्न : आमच्या जिनिंगमध्ये काट्याचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर आहे, ब्राउझरमध्ये उघडतं. शेठजी नागपूरला असतात, त्यांना रोज संध्याकाळी आवक पाहायची असते. सीएंना हंगामाच्या शेवटी महिनाभर लागतं. कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणतो, राउटरवर पोर्ट उघडून देतो, पाच मिनिटांचं काम. करू का?
– एक मुनीम, पांढरकवडा

उत्तर : नका करू, मुनीमजी. पोर्ट उघडणं म्हणजे बाहेरच्या कोणालाही ठोठावता येईल असं दार रस्त्यावर काढणं. असलंच पाच मिनिटांचं काम मी एकदा करून बसलोय. घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचं 3389 पोर्ट उघडं ठेवलं. एक दिवस सहज इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, तर 4625, 4625, 4625... फसलेल्या लॉगिनची रांगच. नावं 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट', 'यूजर1'. माझ्यावर कोणाचा राग नव्हता. यंत्रं रात्रंदिवस अख्खं इंटरनेट चाचपत असतात. पोर्टचा नंबर बदलला, आठवडाभर शांतता, मग पुन्हा तेच.

व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा खाजगी रस्ता, त्यापेक्षा बरं. पण साध्या मांडणीत सीएंचा लॅपटॉप एकदा आत आला की कॅमेऱ्याचा डीव्हीआर, तुमची टॅली, सगळ्यापर्यंत पोचतो. तुमचा ग्रेडर बघा. गाडी ओळखीची, शेतकरी कालचाच, तरी मीटर खुपसतोच; ओलावा 12 टक्क्यांवर गेला की सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) कापूस घेत नाही, ओळख असो नसो. कॉम्प्युटरच्या सुरक्षेत झीरो ट्रस्ट म्हणतात, तो हाच खाक्या : ओळखीवर भरवसा नाही, दर वेळी तपासणी.

तुमच्यासाठी क्लाउडफ्लेअर कंपनीची 'टनेल' ही सोय पुरे. 50 जणांपर्यंत फुकट आहे, फक्त स्वतःचं डोमेन (वेबसाइटचं नाव) घ्यावं लागेल. काट्याच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम बसतो आणि तोच आतून बाहेर जोडणी करतो. राउटरला हात लावायचा नाही. सिमवरच्या इंटरनेटवरही चालतं. मग नियम लिहायचा : शेठजींचा आणि सीएंचा ईमेल, आणि फक्त काट्याचं पान. लॉगिनला ईमेलवर कोड येतो. म्हणजे खरं कुलूप ईमेललाच, तेव्हा शेठजींच्या जीमेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) लावल्याशिवाय हे सुरूच करू नका. (त्यांचा पासवर्ड तुमच्या डायरीत असेल, तर तोही बदला.) सीएंचं काम आटोपलं की त्याच दिवशी त्यांचा ईमेल नियमातून काढा.

आणि लाईनचं काय? प्रोग्राम विंडोज सर्व्हिस म्हणून बसवा, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर तो आपोआप सुरू होईल; आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर कॉम्प्युटर आपोआप चालू होईल असं करून घ्या. नाहीतर शेठजींचा फोन आला की बटण दाबायला तुम्हालाच पळावं लागेल.