रिफायनरीत इतके अलार्म असूनही स्फोट होतोच कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एवढे मीटर आणि अलार्म असताना स्फोट होतो कसा, आणि धाकटा भाऊ कॉन्ट्रॅक्टवर रिफायनरीच्या शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात, त्या कामाला) निघालाय, त्याला जाऊ द्यावं का. मी इन्स्ट्रुमेंटवाला. नोकरी सगळी ट्रान्समीटर, म्हणजे पातळी-दाब मोजून आकडा कंट्रोल रूमला पाठवणारी यंत्रं, लावण्यात आणि कॅलिब्रेट करण्यात (आकडा खरा दाखवतात का ते जुळवण्यात) गेली. त्यामुळे पहिल्याचं उत्तर जरा लांबेल, पण दुसऱ्याचं उत्तर त्यातच आहे.

अमेरिकेत टेक्सस सिटीला बीपी या तेल कंपनीची रिफायनरी होती. 23 मार्च 2005 ला तिथे स्फोट झाला, 15 माणसं गेली, 180 जखमी झाली. शटडाऊननंतर एक युनिट परत चालू करत होते. त्यातला टॉवर 170 फूट उंच. तळाशी साधारण साडेसहा फूट द्रव असायला हवा. रात्रीच्या शिफ्टने भरायला सुरुवात केली आणि तळाची पातळी मीटरच्या टप्प्याच्याही वर गेली. वरच्या पातळीचा पहिला अलार्म वाजला. दुसरा, स्वतंत्र अलार्म वाजायला हवा होता, वाजलाच नाही. लेव्हल ग्लासमध्ये, म्हणजे पातळी डोळ्यांनी पाहायच्या काचेत, डोकावून खात्री करावी तर काच इतकी मळलेली की काही दिसेना. सकाळच्या शिफ्टला लॉगबुकात मिळाली एक मोघम ओळ.

सकाळी भरणं पुन्हा सुरू झालं, भट्टी पेटवली, पण तळातून माल बाहेर काढणारा व्हॉल्व्ह बंदच राहिला. तब्बल तीन तास नुसती आवक. दुपारी एकच्या सुमारास टॉवरात द्रव होता 158 फुटांवर, आणि कंट्रोल रूमच्या पॅनलवर आकडा दिसत होता सुमारे 8 फूट. तोही हळूहळू उतरताना!

हे कसं, ते सांगतो. ट्रान्समीटर डिस्प्लेसर जातीचा होता. आत एक दांडा टांगलेला असतो, द्रवात बुडला की हलका लागतो, विहिरीत बुडालेली कळशी लागते तसा. किती हलका झाला त्यावरून पातळी ठरते. पण दांडा पुरता बुडाला की वर आणखी दीडशे फूट द्रव असला तरी त्याला पत्ता नसतो. त्यात द्रव तापला, तापला म्हणून विरळ झाला, दांड्याला आधार कमी मिळाला, आणि मीटर म्हणाला पातळी उतरतेय. कॅलिब्रेशनसुद्धा 1975 पासून न बदललेल्या डेटाशीटवरून (मीटरच्या माहितीच्या कागदावरून) केलेलं. पॅनलवर आवक एका स्क्रीनवर, जावक दुसऱ्या. म्हणजे आत किती आलं आणि बाहेर किती गेलं याचा हिशोब ऑपरेटरने डोक्यात मांडायचा. तोही तीन युनिटं सांभाळणारा एकटा माणूस, एकोणतीस दिवस सलग बारा-बारा तासांच्या शिफ्ट केलेला. त्याची चूक झाली, नाही म्हणत नाही. पण ‘ऑपरेटरची चूक’ लिहून फाइल बंद करणाऱ्यांची मला चीड येते.

कारण टॉवर भरून वाहिला तरी माणसं मरायलाच हवी होती असं नव्हे. दाब वाढला की आपोआप उघडणारे रिलीफ व्हॉल्व्ह उघडले ते बरोबरच उघडले. पण त्यांचा माल जात होता 1950 च्या दशकातल्या ब्लोडाऊन ड्रममध्ये (असा सुटलेला माल घेणाऱ्या टाकीत), ज्याची चिमणी उघड्या हवेत होती. फ्लेअरला, म्हणजे सुटलेला माल सुरक्षितपणे जाळून टाकणाऱ्या मशालीला, जोडायचा विचार आधी झाला होता, जोडलं मात्र नाही. चिमणीतून पेट्रोलसारखा तापलेला द्रव खाली कोसळला, वाफेचा ढग जमिनीवर पसरला आणि जवळच इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या एका डिझेल पिकअपने तो पेटवला, असं तपासात निघालं. 1 वाजून 20 मिनिटं.

आणि मेले कोण? पंधराच्या पंधरा कॉन्ट्रॅक्टरची माणसं. शेजारच्या युनिटच्या कामासाठी त्यांचे ट्रेलर (तात्पुरत्या केबिन) त्या ड्रमपासून जेमतेम 121 फुटांवर लावले होते. युनिट चालू होतंय हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं, आणि ते चालू करण्यात त्यांचं काही कामही नव्हतं. थोड्या वेळापूर्वी ही मंडळी जेवण करून परतली होती. महिनाभर कुणाला दुखापत झाली नाही म्हणून दिलेलं जेवण. पाय मुरगळल्याचे आकडे नीट ठेवले की प्लांट सुरक्षित, असा समज वरच्या लोकांत असतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या, बीपीच्या रिफायनऱ्यांची सुरक्षा तपासणाऱ्या समितीने 2007 मध्ये नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

2005 च्याच डिसेंबरात इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेल डेपोत टाकीचा गेज (पातळीचा मीटर) अडकला, पेट्रोल ओसंडलं आणि डेपो पेटला. तिथेही पातळीचाच मीटर.

आता भावाबद्दल. जाऊ द्या, शटडाऊनचा पैसा बरा असतो. पण पहिल्याच दिवशी सुपरवायझरला त्याने काही गोष्टी विचाराव्यात. आमची केबिन कुठे आहे आणि तिच्या शेजारी काय आहे? आजूबाजूचं एखादं युनिट चालू होणार आहे का, आणि होणार असेल तर आम्हाला बाहेर कधी काढणार? सायरन वाजला तर जमायचं कुठे? वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा कामाच्या जागेवरून दिसायला हवा. जवळचं युनिट चालू करताना केबिनमध्येच बसा असं कुणी म्हणालं, तर परमिट (कामाची लेखी परवानगी) देणाऱ्याला गाठायचं आणि उत्तर मिळेपर्यंत गेटबाहेर थांबायचं. एका दिवसाची मजुरी बुडली तरी चालेल.