रशियन तरुणांसोबतची कार्यशाळा : आधी नावांची यादी सांभाळा

रशियातून येणाऱ्या बारा तरुणांसोबत बर्लिनमध्ये नागरी सहभागावर पाच दिवसांची कार्यशाळा, आणि निधी देणारं कार्यालय सह्यांसकट पूर्ण यादी मागतंय, असं तुम्ही लिहिलंय. आमचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. व्हिसाचा फॉर्म, विमा वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

यादी तशीच देऊ नका. आम्ही दिली. त्या कार्यालयाने ती अहवालाला जोडून संकेतस्थळावर टाकली आणि काढा म्हटल्यावर आठवडेच्या आठवडे पारदर्शकतेचा नियम ऐकवला. परत गेलेल्या मुलांवर काय ओढवू शकतं, हे ऐकून घ्यायलाही तिथे कुणी तयार नव्हतं. तो राग अजून आहे.

धोका काय, तर रशियात 2015 पासून ‘अवांछित संस्थां’चा कायदा आहे : सरकार परदेशी संस्थांना ‘अवांछित’ ठरवून बंदी घालतं, आणि त्यांच्या कामात भाग घेणं हा गुन्हा ठरतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर परदेशात घेतलेला सहभागही त्यात येतो. पहिल्यांदा 5 ते 15 हजार रुबल दंड. त्यानंतर वर्षाच्या आत पुन्हा सापडलं तर फौजदारी खटला आणि 4 वर्षांपर्यंत कैद. मे 2021 मध्ये तीन जर्मन संस्था एकदम या यादीत गेल्या. त्यातली एक कित्येक वर्षं तरुणांच्या देवाणघेवाणीचंच काम करत होती. म्हणजे आज चालणारी सहयोगी संस्था महिन्याभराने चालेलच असं नाही. रशियन न्याय मंत्रालयाची यादी तीनदा तपासा : निमंत्रणपत्र देताना, तिकीट काढताना आणि पहिल्या दिवशी सकाळी. निमंत्रणपत्रावर एकाच संस्थेचं नाव घाला, कारण तो कागद विमानतळावर मुलांच्या पिशवीत असतो.

कार्यालयाशी बोलणी करारावर सही करण्यापूर्वीच, आणि लेखी. अहवालात फक्त संख्या आणि वयोगट. हजेरीपटावर सांकेतिक क्रमांक. खऱ्या नावांचा आणि सह्यांचा एकच कागद तुमच्या कुलपात, लेखापरीक्षकाने तिथेच येऊन पाहायचा. ऐकत नसतील तर जीडीपीआर, म्हणजे युरोपियन युनियनचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, त्याचं कलम 9 दाखवा. राजकीय मत उघड करणारी माहिती तिथे विशेष संरक्षित आहे, आणि असा हजेरीपट नेमकं तेच उघड करतो. तरीही ऐकलं नाही तर, माझ्या मते, तो निधी सोडा.

सामूहिक फोटोही नको. ‘चेहरे धूसर करू’ हे मला पटत नाही. कपड्यांवरून, खोलीवरून माणूस ओळखू येतो.

पैशांचं : रशियात दिलेली व्हिसा, मास्टरकार्ड कार्डं मार्च 2022 पासून बाहेर चालत नाहीत. ‘आधी खर्च करा, मग परतफेड’ हा नियम इथे निरुपयोगी. तिकीट आणि राहणं तुम्हीच थेट भरा. सिग्नल हे संदेशांचं ॲप रशियात ऑगस्ट 2024 पासून बंद आहे, त्यामुळे संपर्काचा पर्यायी मार्ग आधीच ठरवा.

जागा अजून बदलता येत असेल तर आर्मेनियातल्या येरेवानचा विचार करा. रशियन नागरिकांना तिथे व्हिसा लागत नाही, देशांतर्गत ओळखपत्रावरही जाता येतं. सर्बियातल्या बेलग्रेडलाही त्यांना 30 दिवस व्हिसा नको. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर मात्र लक्षात ठेवा, सर्बियाने भारतीयांसाठीची व्हिसामुक्त सोय 1 जानेवारी 2023 पासून बंद केलीय.

मी वकील नाही. कलमं सारखी बदलतात, त्यामुळे या विषयात काम करणाऱ्या रशियन वकिलाचा तासभर सल्ला घ्या आणि ती फी अंदाजपत्रकात आत्ताच धरा.