नवी लेन्स घेतली, तरी दुपारी डोळे चुरचुरतातच

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी संगणकावर जॅकार्डचे नमुने तयार करते. महिनाभर वापरायची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावते. दुपारनंतर डोळे इतके चुरचुरतात की लेन्स काढून ठेवावीशी वाटते. प्राणवायू कमी पडत असेल, असे समजून प्राणवायू अधिक जाऊ देणारी महागडी सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स घेतली, तरी फरक पडला नाही. मला लेन्स सोसतच नाही, असे समजावे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : असा निष्कर्ष इतक्यात काढू नका. तुमचा तर्क चुकीच्या दिशेचा नव्हता. संशोधकांनीही अनेक वर्षे प्राणवायूचाच पाठपुरावा केला. कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे जागेपणी त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. प्रागमध्ये रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या अखेरीस मऊ लेन्स घडवली. तिच्यातून प्राणवायू केवळ तिने धरून ठेवलेल्या पाण्यावाटे जात असे, आणि तो अपुरा पडे. कॉर्निया सुजू नये म्हणून किती प्राणवायू हवा, याचे निकष होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलने ती उणीव बहुतांशी भरून काढली. दिवसाअखेरची चुरचुर मात्र थांबली नाही, आणि म्हणूनच संशोधकांचे लक्ष अश्रूंकडे व पापण्यांकडे वळले.

डोळ्यावरचा अश्रूंचा थर मिलिमीटरच्या काही हजारांशांइतकाच असतो, आणि त्याहून कितीतरी जाड लेन्स त्याचे दोन भाग करून मधोमध बसते. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणारे तेल लेन्सवर नीट पसरत नाही, म्हणून अश्रू लवकर उडून जातात. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, आणि बऱ्याचदा अर्ध्याच मिटतात. त्यात सोलापूरचा कोरडा उन्हाळा, डोक्यावरचा पंखा आणि मागांवरून उडणारे सुताचे बारीक तंतू. मग कोरड्या पडलेल्या लेन्सवर वरच्या पापणीची आतली कड घासत राहते. ही झीज संशोधक कॉर्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये रंगद्रव्य वापरून दाखवून दिली.

नेत्रतज्ज्ञांकडे लेन्स काढून पापण्यांची व अश्रूंची तपासणी अवश्य करून घ्या. फ्लुरोसीन हे रंगद्रव्य लावलेली केशरी पट्टी पापणीच्या आत टेकवतात आणि डोळा न मिटता समोर पाहायला सांगतात. निळ्या प्रकाशात हिरव्या चमकणाऱ्या थरात काळे ठिपके उमटू लागले, की तिथे थर फुटला असे समजतात. दहा सेकंदांच्या आत तो फुटत असेल, तर आधी अश्रूंकडे लक्ष द्यायला हवे. पापण्यांना शेक, पूर्ण मिटवून उघडझाप, पंख्याच्या झोतापासून दूर बसणे आणि रोज नवी वापरून टाकायची लेन्स, असे उपाय त्यानंतर तज्ज्ञांच्या सल्ल्याने करून पाहता येतील. कारखान्यात सरळ चष्मा लावलात, तर मला ते अधिक पसंत पडेल.

प्रश्न : सोल्युशन संपले तर लेन्स आरओच्या पाण्यात ठेवावी का? आणि रात्री ती घालून झोपले तर?
– एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : दोन्हीही कटाक्षाने टाळा. आरओचे पाणी पिण्यायोग्य असले, तरी निर्जंतुक नसते. नळाच्या, टाकीच्या किंवा बोअरच्या पाण्यात असणारा अकॅन्थअमीबा हा सूक्ष्म एकपेशीय जीव कॉर्नियात शिरला, तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि डोळ्यात फूल पडून दृष्टी कायमची अधू होऊ शकते. लेन्स घालून झोपण्याने जंतुसंसर्गाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि सिलिकॉन हायड्रोजेलमुळे तो घटेल ही आशा संशोधनात खरी ठरलेली नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स ताबडतोब काढा आणि ती डबीसह घेऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. तिच्यावरून जंतू ओळखायला मदत होते. औषधांच्या दुकानातून परस्पर स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका.