थर्मल कॅमेऱ्याचे आकडे : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या विजेच्या पॅनलमधला तांब्याचा बसबार (वीज वाहून नेणारी जाड पट्टी) थर्मल कॅमेऱ्यात ३९ अंश दाखवतो, त्याच बसबारवरची काळी टेप मात्र ९० अंश. खरं कोणाचं? (देखभाल विभाग, चाकण)

उत्तर : टेपचं. आणि आधी बसबारचा तिथला जोड तपासून घ्या, बाकीचं नंतर वाचा!

कॅमेरा तापमान मोजत नाही. पृष्ठभागाकडून येणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण मोजतो आणि त्यावरून तापमानाचा हिशोब मांडतो. या हिशोबात उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग स्वतः किती किरण सोडतो याचं माप, लागते. कामावर सगळे एमिसिव्हिटीच म्हणतात. आदर्श काळ्या वस्तूची १, टेपची साधारण ०.९५, चकचकीत तांब्याची जेमतेम ०.०५. म्हणजे तांब्याकडून आलेल्या किरणांत त्याचे स्वतःचे अगदी थोडे; बाकीचे भिंतीचे, छताचे, समोर उभ्या असलेल्या तुमचेसुद्धा, आरशातून यावेत तसे परतलेले. सेटिंगमध्ये ‘परावर्तित तापमान’ विचारतात ते यासाठीच.

मग एमिसिव्हिटी ०.०५ करून टाकली तर? नको. इतक्या खाली किंचित चूकही आकडा कुठच्या कुठे नेते. पुढच्या शटडाउनला, पुरवठा बंद करून, मोजायच्या जागांवर टेप लावून ठेवा.

प्रश्न : १६० × १२० पिक्सेलच्या कॅमेऱ्याने चार मीटरवरून १२ मिलिमीटरचा लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोडतुकडा) मोजता येईल का?

उत्तर : दिसेल, मोजता येणार नाही. लेन्सचा दृश्यकोन २५ अंश धरला, तर चार मीटरवर एक पिक्सेल सुमारे ११ मिलिमीटर व्यापतो. भरवशाच्या मोजणीसाठी निदान ३ × ३ पिक्सेल हवेत, म्हणजे ३३ मिलिमीटर. लहान लगचा आकडा आजूबाजूच्या थंड भागात मिसळून कमी येतो. चालू पॅनलच्या जवळ सरकण्यापेक्षा टेलिफोटो लेन्स मागवा.

प्रश्न : माहितीपत्रकात ‘एनईटीडी ५० मिलिकेल्विन’ लिहिलंय. म्हणजे अचूकता ०.०५ अंश ना?

उत्तर : नाही, ती संवेदनशीलता. शेजारच्या दोन ठिकाणांतला इतका बारीक फरक ओळखू येतो, एवढंच. अचूकता बहुधा त्याच पत्रकात खाली असते : अधिक-उणे २ अंश किंवा २ टक्के.

प्रश्न : रात्रीचा सीसीटीव्हीसुद्धा इन्फ्रारेडच ना?

उत्तर : हो, पण जवळचा, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या लगतचा (निअर-इन्फ्रारेड). तो स्वतःच्या एलईडीचा, बहुतेकदा ८५० नॅनोमीटरचा, उजेड टाकून परावर्तन टिपतो. थर्मल कॅमेरा सहसा ८ ते १४ मायक्रोमीटरमध्ये बघतो आणि त्याला उजेड लागतच नाही. मात्र साध्या खिडकीच्या काचेतून त्याला पलीकडचं दिसत नाही. म्हणून त्याची लेन्स जर्मेनियमची, आणि म्हणूनच महाग.