कलाकार स्टेम सेलच्या प्रयोगशाळेत बसून नेमकं करतात काय?

तुम्ही निपाणीचे, बीएफएला आहात. परदेशात चित्रकार-शिल्पकार स्टेम सेलच्या प्रयोगशाळेत जाऊन काम करतात हे वाचलंत आणि विचारलंत की याचा शास्त्रज्ञांना काही उपयोग होतो की नुसती शोभा? आणि आपल्या भागातल्या माणसाला हे जमेल का?

शोभेपासूनच सुरू करतो, कारण ते पाप मी स्वतः केलंय. मी बेळगावातल्या अनगोळचा. वर्षातले पाच महिने शाडूचे गणपती, शिवजयंतीच्या आधी चित्ररथ, उरलेल्या दिवसांत मिळतील ते बोर्ड. सहा वर्षांपूर्वी एका दवाखान्याने गुडघ्याचं मोठं चित्र करून घेतलं. झिजलेली कूर्चा, वरून पडणारे निळे चमकदार थेंब, शेजारी नवाकोरा गुडघा, खाली ‘स्टेम सेल उपचार’. थेंब असे जमले होते की माझं मलाच कौतुक वाटलं.

दिवाळीला भाची आली. ती बंगळूरला एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. बोर्डासमोर गाडी थांबवून म्हणाली, “मामा, हे तू काढलंस?” मग घरी येईपर्यंत एक शब्द नाही. रात्री तिने सांगितलं. रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जेतल्या मूळपेशी (म्हणजेच स्टेम सेल, ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनतात) देतात, तो उपचार पक्का. बाकी बहुतेक गोष्टी अजून चाचणीत आहेत, आणि मान्यता मिळालेल्या चाचणीबाहेर पेशंटला असं काही देणं हे वैद्यकीय गैरवर्तन, असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय. आमच्याच गल्लीतल्या एका काकूंनी तोवर ते थेंब बघून पैसे भरले होते.

प्रायश्चित्त म्हणा, पण पुढच्या उन्हाळ्यात तिच्या गाइडची परवानगी काढून दहा दिवस तिच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. पहिले दोन दिवस फक्त हात धुणं, हातमोजे, अल्कोहोलचा फवारा आणि ‘मामा, तिथे हात लावू नकोस’. पेशी ३७ अंशांवर उबवणीत ठेवतात, गुलाबी पाण्यात. हेच त्यांचं जेवण. पेशी खाऊन-पिऊन वाढल्या की ते आंबट होऊन पिवळं पडायला लागतं. शनिवारी विचारलं, उद्या सुट्टी ना? तर म्हणाली, “जातो की मामा, उपाशी राहतील.” (बेळगावची पोर, पीएचडीला गेली तरी ‘जातो’च म्हणते.)

सूक्ष्मदर्शकाखाली मूळपेशींचे पुंजके दिसतात. चांगल्या पुंजक्याची कड रेखीव असते, आत पेशी एकमेकींना खेटून. भलतीकडे वळायला लागल्या की कड विस्कटते, पेशी पसरट होतात. तेवढा भाग ती पिपेटच्या टोकाने खरवडून टाकायची. कसं ओळखतेस म्हटलं तर, “दिसतं.” मूर्तीचे डोळे आखायला शिकवताना हेच उत्तर मी कारखान्यातल्या पोरांना तीस वर्षं देतोय. पाचव्या दिवशी मी चार जागा दाखवल्या. तीन बरोबर निघाल्या.

आता मुख्य गोष्ट. स्टेम सेलवरच्या बहुतेक व्याख्यानांत एक चित्र येतं. डोंगराचा उतार, त्यावर फाटे फुटत गेलेल्या घळी आणि माथ्यावर एक गोटी. गोटी म्हणजे पेशी, घळी म्हणजे तिच्या पुढच्या वाटा. कल्पना कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाची. गोटीचं चित्र १९५७ मधलं, पण त्याच्याही आधी, १९४० च्या त्यांच्या पुस्तकात सुरुवातीलाच दरीतून वाहणाऱ्या नदीचं चित्र होतं, आणि ते काढलं होतं जॉन पायपर या चित्रकाराने. तेव्हा चित्रकाराचं इथे काय काम, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो.

आपल्याला हे कळायला खानापूर तालुक्यातलं कणकुंबी पुरे. तिथे उगवणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. मधल्या धारेवर पडलेल्या थेंबाचं अजून काहीच ठरलेलं नसतं. मूळपेशीही तशीच. एकदा घळीत उतरली की त्वचा ती त्वचाच. शिन्या यामानाका या जपानी शास्त्रज्ञाने २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशीत चार जनुकं घालून तिला परत माथ्यावर नेलं. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. कळसा-भांडुरा या म्हादईच्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेकडे वळवायचं तर दोन राज्यं किती वर्षं भांडतायत बघा!

मी शाडूचा डोंगर केला, घळी कोरल्या, काचेची गोटी सोडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक पोरगा मात्र म्हणाला, “अंकल, डोंगर एवढा घट्ट नसतो.” त्याने वॉडिंग्टनचं दुसरं चित्र दाखवलं, त्याच डोंगराच्या खालून बघितलेलं. खाली खुंट्या, खुंट्यांपासून वर दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांनी उतार ताणून धरलेला. खुंट्या म्हणजे जनुकं. अहो, हा तर उलटा मंडप! इतके दिवस कोणी सांगितलंच नव्हतं.

शाडू मोडला. वडगावच्या मागावरचं कापड मागवलं, चौकटीवर चढवलं, खालून दोऱ्या बांधल्या. एक दोरी ओढली की समोरची घळच नाही, लांबची पण हलायची. मग चार दोऱ्या ओढून गोटी वर चढवायला गेलो. दहातल्या एखाद्या वेळी माथ्यावर पोचायची, बाकी मध्येच अडकायची नाहीतर बाजूच्या घळीत घसरायची. मला वाटलं माझं काम कच्चं. भाची हसायला लागली. त्यांच्या बशीत पण तेच होतं म्हणे, थोड्याच पेशी शेवटपर्यंत परततात, बऱ्याच अर्ध्यात थांबतात. पडद्यावरच्या चित्रात गोटी कधी अडकत नाही. ती चौकट आता नव्या मुलांना शिकवायला तिथेच ठेवलीय. शास्त्रज्ञांना उपयोग काय, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

मोठ्या लोकांचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या विद्यापीठात २००० मध्ये सिम्बायोटिका हे कलाकारांना जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करू देणारं केंद्र सुरू झालं. तिथल्या ऑरॉन कॅट्स आणि इओनात झुर यांनी डुकराच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून इवलेसे पंख वाढवले: पक्ष्याचे, वटवाघळाचे, टेरोसॉर या उडणाऱ्या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचे. त्यांच्या प्रदर्शनाच्या शेवटी पेशी निर्जंतुक भांड्यातून काढून लोकांना हात लावू देतात, त्याने त्या मरतात. विसर्जन करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांचाच पेशींचा एक छोटा कोट २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात इतका वाढत सुटला की शेवटी त्याचं पोषण बंद करावं लागलं. गाय बेन-आरी या कलाकाराने स्वतःच्या त्वचेच्या पेशी यामानाकांच्या वाटेने माघारी नेल्या, त्यांच्यापासून चेतापेशी केल्या आणि २०१५ मध्ये त्यांच्या विजेवर सिंथेसायझर वाजवला. हे मला सगळं पटतं असं नाही. कोट पटतो.

तुम्हाला जमेल का? बंगळूरला इनस्टेम आहे, मूळपेशींवर काम करणारी संस्था. पत्र लिहा. ‘तुमचं संशोधन सुंदर करून दाखवतो’ असं मात्र लिहू नका. ‘आठ दिवस बसून बघू देता का’ असं लिहा.

तो बोर्ड अजून आहे. पैसे परत द्यायला गेलो होतो, दवाखान्याने घेतले नाहीत, बोर्डही उतरवला नाही. त्यातला लाल, पिवळा उडून गेलाय. थेंब तेवढे अजून चकचकीत आहेत, निळा सहसा जात नाही.